पाइप कोण धरणार?

माझ्या दुकानात एकदा एक माणूस अंगठा विकत घ्यायला आला होता.

हसू नका. मीही हसलो होतो, आणि ते हसणं मला चांगलंच महागात पडलं. एप्रिल संपत आला होता. अकोल्याचं ऊन असं की दुकानासमोरच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. मी काउंटरवर बसून पेपरानं वारा घेत होतो. वर पंखा होता, पण तो गरम हवाच फिरवत होता. तेवढ्यात डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला एक साठीपलीकडचा माणूस पायरी चढून आला. दुपट्टा सोडला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "भाऊ, एक आंगठा पाह्यजे होता."

"काय पाह्यजे?"

"आंगठा जी. पाइपाले लावाचा."

मी अडतीस वर्षं पाइप विकले. या काळात लोकांनी माझ्याकडे काय काय मागितलं म्हणून सांगू! परतवाड्याच्या एका गृहस्थानं गेटच्या रंगाला शोभेल असा गुलाबी पाइप मागितला होता. एका साहेबांना सहा कुंड्यांसाठी दोन इंची पाइप हवा होता. का, तर म्हणे "प्रेशर पाहिजे". मी म्हटलं, साहेब, कुंड्या भिजवायच्या आहेत का शेजाऱ्याच्या घरात पोचवायच्या आहेत? पण अंगठा कोणी मागितला नव्हता. मी हसत हसत म्हणालो, "कोन्या साइजचा देऊ? अर्धा इंची का पाऊन इंची?"

तो माणूस हसला नाही. "तुमच्या वैनीचा आंगठा गेला भाऊ," तो म्हणाला. "उजवी बाजू पुरी गेली. लकवा मारला." तेव्हा मी त्याचा चेहरा नीट पाहिला आणि ओळखला. हे सुखदेवभाऊ, पार्वताबाईंचे यजमान. माझं हसू जागच्या जागी वाळलं.

पार्वताबाई कोण हे सांगायला हवं. त्याआधी आमचा धंदा थोडा सांगतो, म्हणजे तो अंगठा काय चीज होती ते कळेल.

बागेला पाणी घालायचा पाइप म्हणजे लोकांना सोपी गोष्ट वाटते. हिरवा दिसला, घेतला, नळाला लावला. मग चार दिवसांनी येऊन भांडतात. खरं म्हणजे गिऱ्हाइकाला दोन प्रश्न विचारले की अर्धं काम होतं. पाणी कुठून येतं, आणि किती लांब न्यायचं? टाकीचं पाणी येत असेल तर ते दमानं येतं, त्याला साधा पाइप चालतो. मोटारीचं थेट पाणी असेल तर ते चिडून येतं, त्याला आत जाळी विणलेला पाइप लागतो, नाहीतर पाइपाला फुगा येतो. लांबी मोजायला मी सुतळी आणायला सांगायचो, कारण आमच्याकडचा माणूस पावलं मोजतो आणि मोजताना मनातल्या मनात जमीन वाढवतो. स्वस्त पाइपाला मुरड पडते, पाणी अडतं, आणि तुम्ही नळाशी जाऊन बघता की पाणी गेलं की काय.

आणि जोड! माझ्या वडिलांचं एक वाक्य होतं: पाइप फाटत नाही, जोड सुटतो. नळाला आटे आहेत का नाहीत, हे बघितल्याशिवाय कनेक्टर घेऊ नये. पाइप निपलवर, म्हणजे जोडाच्या बारीक नळीवर, चढत नसेल तर टोक गरम पाण्यात धरावं, नरम होतं. हे मी एका गिऱ्हाइकाला सांगितलं, तर तो पठ्ठ्या समोरच्या टपरीवर गेला आणि पाइपाचं टोक चहाच्या कपात बुडवून बसला. वर क्लिप आवळावी, स्क्रूनं. पण वऱ्हाडात क्लिप कोण लावतो? सायकलची जुनी ट्यूब कापायची, तिची पट्टी ताणून ताणून जोडावर गुंडाळायची, झालं. त्या पट्टीशी मी आयुष्यभर भांडलो. शेवटी कोण जिंकलं ते पुढे येईलच.

पार्वताबाई पहिल्यांदा दुकानात आल्या त्याला पुष्कळ वर्षं झाली. मूर्तिजापूरच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत त्यांचा फुलांचा मळा. माळ्याचं घर, पिढ्यान् पिढ्या फुलं. नवरा-बायको पहाटे फुलांची टोपली घेऊन अकोल्याच्या बाजारात यायचे, आणि माल संपला की सुखदेवभाऊ चहाला जायचे, बाई माझ्या दुकानात यायच्या. काळ्यासावळ्या, उंच, नऊवारी खोचलेली, आवाज असा की दुकानाच्या मागच्या खोलीतही खणखणीत ऐकू जायचा.

त्या दिवशी माझ्याकडे नवीन माल आला होता. पाइपाच्या तोंडाला लावायची बंदूक, तिचं तोंड फिरवलं की पाणी सात तऱ्हांनी पडतं. मी मोठ्या तोऱ्यात दुकानाबाहेरच्या नळाला पाइप लावून दाखवू लागलो. ही धार, ही फवार, हे धुकं.

बाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. म्हणाल्या, "हे तं सारं पडून राह्यलं."

"म्हणजे?"

"पानी पडाले नाई पाह्यजे जी. बसाले पाह्यजे." आणि बंदूक काढून त्यांनी माझ्या हातात दिली, पाइपाचं उघडं तोंड उजव्या मुठीत धरलं आणि त्यावर अंगठा ठेवला.

काय सांगू तुम्हाला! अंगठा केसभर हलायचा आणि पाणी बदलायचं. पंख्यासारखं रुंद झालं, मग एकदम बारीक, मग उंच जाऊन असं खाली आलं की फुटपाथवरची धूळ ओली झाली, पण उडाली नाही. एकसुद्धा खड्डा नाही. रस्त्यानं जाणाऱ्या दोघातिघांनी सायकली थांबवल्या. मी माझी सात तऱ्हांची बंदूक हातात घेऊन मूर्खासारखा उभा होतो. इतकी वर्षं पाइप विकणाऱ्या माणसाला पाणी पहिल्यांदाच दिसत होतं.

"बसलं," बाई म्हणाल्या. पाइप खाली टाकला, हात पदराला पुसला आणि नुसता पाऊण इंची पाइप घेऊन गेल्या. त्यानंतर जेव्हा जेव्हा आल्या तेव्हा मी मुद्दाम काहीतरी निमित्त काढून त्यांना नळावर न्यायचो. कंपनीचा माणूस आला होता एकदा, त्यालाही दाखवलं. तो म्हणाला, याचं मशीन बनत नाही. मी म्हटलं, अंगठ्यालाच तेवढं जमतं बाबा. मोटारीची लाइन कमी-जास्त होते, वारा फिरतो. बंदुकीला ते कळत नाही, अंगठ्याला कळतं आणि तो आपोआप सरकतो.

हा अंगठा गेला होता. आणि त्याच्यामागं काय काय जाणार होतं, ते सुखदेवभाऊंनी त्या दुपारी काउंटरपाशी स्टुलावर बसून सांगितलं.

बाईंच्या सासूपासून घरात एक शेवंती होती. बारीक पिवळं फूल, बटणाएवढं. बाजारात आता मोठ्या फुलांची जात चालते, त्यामुळं गावातल्या सगळ्या माळ्यांनी ही जुनी शेवंती कधीच मोडून टाकली. पण हिचा हार तीन दिवस टिकतो आणि वास घरभर राहतो. दसऱ्याला गावच्या देवीला हिचाच हार. शेवंतीचं बी पेरत नाहीत. जुन्या ठोंबाच्या बुडाशी नवे फुटवे येतात, ते पावसाळ्यात काढून लावायचे. म्हणजे जुने ठोंब उन्हाळाभर जगले पाहिजेत. आमच्या वऱ्हाडाच्या मे महिन्यात! तीन ओळींचा एक वाफा, बत्तीस ठोंब, आणि त्यांना संध्याकाळी बाईंच्या अंगठ्याचं पाणी. बस, एवढ्यावर ती जात जिवंत होती. जगात दुसरीकडे कुठे असेल तर देव जाणे.

"मी कदी पानी घातलंच नाई भाऊ," सुखदेवभाऊ म्हणाले. "वखरलं, खत टाकलं, बाजार केला. पानी तिचं काम. मी धरला पाइप तं माती वाहून गेली, मुया उघड्या पडल्या. थे बाजीवर पडल्या पडल्या पाह्यते अन् रडते. बोलता येत नाई तिले. एकच शब्द राह्यला, 'नाई'. दिवसभर 'नाई, नाई' करते. म्हनून मनलं, तुमच्याजौळ आंगठ्यासारखं काही असंल."

 मी दुकानदार. ऐकून वाईट वाटलं तरी तोंड चालूच राहतं. मी माझे दोन प्रश्न विचारले. पाणी कुठून? विहिरीवरच्या मोटारीचं, थेट. किती लांब? शंभर फूट. मग काय, माझ्या डोक्यात सगळं तयार झालं. चांगला जाड, काळा, एक इंची पाइप दिला, दहा वर्षं काही होणार नाही असा. त्याला तोंड बारीक करणारा रिड्यूसर, त्यापुढे ती सात तऱ्हांची बंदूक, दोन्हीकडे पक्क्या क्लिपा, स्वतःच्या हातानं आवळून. "फवाऱ्यावर ठेवा अन् घाला बिनधास्त," मी म्हणालो. "हाच आंगठा समजा." ते पाइपाचं भेंडोळं खांद्यावर टाकून गेले आणि मी सबंध संध्याकाळ स्वतःवर खूश होतो.

दहा-बारा दिवसांनी सुखदेवभाऊ परत आले. रागात असते तर बरं झालं असतं. त्यांनी पिशवीतून बंदूक काढून काउंटरवर ठेवली, आणि तिच्याशेजारी एक वाळलेला ठोंब ठेवला. पानं करपून काळी, हात लावला की चुरा.

"आंगठा चालला नाई भाऊ. दोन ओळी गेल्या. अकरा ठोंब राह्यले."

मी शटर ओढलं. पुतण्या बाहेरगावी होता, दुकान बघायला कोणी नव्हतं, पण त्या वेळी मला दुकान दिसतच नव्हतं. एका थैलीत हाताला लागेल ते भरलं: टी, कॉक, निपलं, वेगवेगळ्या पाइपांचे तुकडे, आणि अर्धा इंची मऊ पाइपाचं एक छोटं भेंडोळं. मूर्तिजापूरच्या बसमध्ये आम्ही दोघं शेजारी बसलो होतो. 

मळ्यात पोचलो तेव्हा चार वाजले असतील. घरापुढच्या मांडवात बाज, बाजेवर पार्वताबाई. अर्धं तोंड ओढलेलं, उजवा हात पोटावर कोणी आणून ठेवल्यासारखा. ते उंच माणूस केवढंसं झालं होतं! मला पाहिलं आणि डोळ्यांत तीच जुनी जरब आली. डावा हात उचलला, माझ्याकडं बोट केलं. "नाई," म्हणाल्या. मी मान खाली घातली.

मांडवाला लागूनच वाफा. वाफ्याच्या डोक्याशी एक मोठा कडूनिंब, दुपारची सावली वाफ्यावर पडावी असा. पहिल्या दोन ओळी वाळून कोळ झालेल्या, तिसरी कशीबशी हिरवी. बाईंचं बोट आता निंबाकडे वळलं. "नाई! नाई!" जीव तोडून.

"हेच," सुखदेवभाऊ म्हणाले. "रोज पानी घालाले गेलो का निंबाकडे हात करते. तिचा नेम होता ना भाऊ, रोजचं पहिलं पानी निंबाले. मले वाटलं तिचा देवधर्म. म्हनून मी निंबाले कुंकू लावलं, अगरबत्ती लावून राह्यलो रोज. पन पानी नाई टाकलं. इहिरीत पानीच कमी, मनलं, निंबाले काय, थो जगनच. शेवंतीले देऊ."

निंबाच्या बुंध्याला खरंच कुंकू होतं, उदबत्तीच्या काड्यांची रांग होती. आणि विहिरीपासून वाफ्यापर्यंत माझा तो काळा जाड पाइप काळ्या जमिनीवर पसरलेला होता. सकाळपासून उन्हात. मी वाकून त्याला हात लावला आणि चटका बसून मागं घेतला.

 "मोटार लावा," मी म्हणालो.

मोटार लागली. पाइपाचं तोंड मी बादलीत धरलं. पहिल्यांदा जे पाणी आलं त्यात चहापत्ती टाकली असती तर रंग सुटला असता. शंभर फूट इंची पाइपात बादलीभर पाणी मावतं. म्हणजे रोज संध्याकाळी एक बादली कढत पाणी, आणि सुखदेवभाऊ बाईंच्या शिस्तीप्रमाणे रोज पहिल्या ओळीपासून सुरुवात करत होते. पहिली ओळ मेली, मग दुसरी पहिली झाली.

त्या बाईला हे ठाऊक होतं. तिनं त्याला नाव दिलं नव्हतं, कोणाला समजावलं नव्हतं, फक्त रोज नळीतलं पहिलं पाणी निंबाच्या बुडाला सोडायची, हातावर गार लागलं की वाफ्याकडे वळायची. घरातल्या माणसांना ती पूजा वाटली. आणि लकवा झाल्यावर बाजेवरून ती रोज जीव तोडून तेच सांगत होती, आणि नवरा बिचारा रोज उदबत्ती लावत होता.  इतकी वर्षं पाइप विकून मी एकाही गिऱ्हाइकाला 'आधी गरम पाणी सोडून द्या' असं सांगितलं नव्हतं. आणि काळा पाइप मीच दिला होता. दिला तोही इंची, पहिल्यापेक्षा जाड, कढत पाणी जास्त साठवणारा.

मी बाजेपाशी गेलो आणि म्हणालो, "वैनी, चूक माझी हाये. तुमचा निंब मले आत्ता समजला." बाईंनी डोळे मिटले. डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं. सुखदेवभाऊ एकदा निंबाकडे, एकदा बायकोकडे बघत राहिले आणि मग मटकन खाली बसले. "माय वो," एवढंच म्हणाले. "मी काय करून ठेवलं वो."

पहिलं पाणी निंबाला गेलं. आता अकरा ठोंब उरले होते आणि उजेड दोनेक तासांचा. आम्ही कामाला लागलो.

मोटारीचं थेट पाणी हे दुसरं दुखणं. मी पाइपाला तीन तोंडांची टी बसवली, एका फाट्याला कॉक लावून तो गुरांच्या हौदात सोडला. कॉक जितका उघडावा तितकं जास्तीचं पाणी हौदात आणि तितकं आपल्या हातातलं नरम. मग बंदूक लावून सातही तऱ्हा करून दाखवल्या. बाई बाजेवरून बघत होत्या. "नाई." दुसरी. "नाई." धुक्याच्या तऱ्हेला तर त्यांनी तोंडच फिरवलं, वारा आला आणि ते सगळं पाणी शेजारच्या वांग्यांवर गेलं. सातव्यांदा "नाई" ऐकल्यावर मी बंदूक थैलीत टाकली. ती पुन्हा बाहेर काढलेली नाही.

मग मला सुचलं की हिचा डावा अंगठा तर शाबूत आहे! आम्ही बाज उचलून वाफ्याशी नेली, पाइप बाईंच्या डाव्या हातात दिला. इंची तोंडावर अंगठा पुरेना. तेव्हा थैलीतला अर्धा इंची मऊ पाइप काढला. हलका, मुठीत मावणारा, तोंडावर अंगठा पुरून वर उरणारा. तो टीच्या निपलवर चढवायचा तर अर्धा इंची क्लिप! थैली उपडी केली. सगळ्या मापाच्या क्लिपा होत्या, अर्धा इंचीच नव्हती. जन्मभर क्लिपांचा प्रचार केलेला माणूस क्लिपेविना उभा. सुखदेवभाऊ घरात गेले, सायकलच्या ट्यूबची पट्टी घेऊन आले आणि दातात एक टोक धरून अशी आवळली की थेंब गळला नाही. मी आकाशाकडे बघितलं.

पाणी सुरू केलं. बाईंनी डावा अंगठा तोंडावर ठेवला. पण डावा हात तो डावा हात, त्यात दुखण्यातून उठलेला. बळ कमी पडलं, पाणी अंगठ्याखालून निसटून बाजेवर, पातळावर. "नाई," त्या हळूच म्हणाल्या. आतापर्यंतचा प्रत्येक 'नाई' आमच्यासाठी होता, हा स्वतःसाठी होता. तो मला ऐकवला नाही.

सुखदेवभाऊ बाजेच्या कडेला बसले. त्यांनी बायकोच्या हातातला पाइप आपल्या मुठीत घेतला, तोंडावर आपला अंगठा ठेवला. राठ, वखराच्या मुठीनं घट्टे पडलेला. पाणी फाटकन उडालं. तेव्हा पार्वताबाईंनी आपला डावा अंगठा त्यांच्या अंगठ्यावर ठेवला आणि दाबला. थोडा डावीकडे. थोडा वर. सैल. पुन्हा दाब.

आणि पाणी उघडलं. पंख्यासारखं. उंच गेलं, संध्याकाळच्या उन्हात क्षणभर दिसलं आणि त्या अकरा ठोंबांवर येऊन उतरलं. माती हलली नाही, पान वाकलं नाही. अरे बाप्पा! मी हात जोडले, कोणाला ते माहीत नाही. दोन म्हातारे अंगठ्यावर अंगठा ठेवून बसले होते. दुसऱ्याच क्षणी सुखदेवभाऊंचा अंगठा सरकला, पाणी धबाधब पडलं आणि बाई ओरडल्या, "नाई!" पण त्या ओरडण्यात जुना आवाज होता, दुकानाच्या मागच्या खोलीत ऐकू जाणारा.

मी शेवटची बस धरून परतलो. दुसऱ्या दिवसापासून दुकानात माझे तीन प्रश्न झाले. पाणी कुठून, किती लांब, आणि पाइप कोण धरणार? तिसरा प्रश्न आधी विचारला असता तर तो जाड काळा पाइप मी दिलाच नसता आणि त्या दोन ओळी वाचल्या असत्या. गिऱ्हाइकं गोंधळायची. "काहून, मीच धरीन ना." मी म्हणायचो, हात दाखवा. कोणाला संधिवात, कोणाची आई ऐंशीची, कोणाच्या बायकोला जाड पाइप उचलत नाही. आणि दर उन्हाळ्यात प्रत्येकाला सांगायचो, पहिलं पाणी एखाद्या मोठ्या झाडाला सोडा. काही जण विचारायचे, शास्त्रात आहे का? मी म्हणायचो, आहे, पार्वताबाईंच्या.

मे संपताना मी पुन्हा मळ्यात गेलो. खरं सांगतो, पाय उचलत नव्हता. अकरातला एकही ठोंब नसेल अशी तयारी करून गेलो होतो. बाज मांडवात होती, बाई डोळे मिटून पडल्या होत्या. सुखदेवभाऊ वाफ्यात एकटे उभे, हातात अर्धा इंची पाइप, जोडावर तीच ट्यूबची पट्टी. पहिलं पाणी निंबाला सोडलं. हातावर घेऊन पाहिलं. मग वळले. मी कुंपणाशीच थांबलो.

पाण्याचा आवाज आला. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मी 'नाई'ची वाट बघत होतो. सुखदेवभाऊ पण बघत असावेत, कारण त्यांची पाठ आखडलेली होती. एक ठोंब झाला, दुसरा झाला. तिसऱ्यावर पाणी असताना बाजेवरून आवाज आला. जड, ओढलेला, पण स्वच्छ.

"बसलं."

महिनाभरात त्या बाईच्या तोंडून 'नाई'शिवाय निघालेला पहिला शब्द. सुखदेवभाऊंनी मागं वळून पाहिलं नाही. पाणी तसंच चालू ठेवलं, खांदे मात्र हलत होते. अकरातले नऊ ठोंब जगले. पावसाळ्यात नऊचे चांगले चार वाफे झाले आणि दसऱ्याला गावच्या देवीच्या गळ्यात त्याच शेवंतीचा हार होता. एक हार माझ्या दुकानात आला. तीन दिवस टिकला, मी मोजले.

आता दुकान पुतण्याकडे आहे आणि मी अमरावतीला मुलाकडे राहतो. गेल्या पावसाळ्यात सुखदेवभाऊंनी एका डब्यात त्या शेवंतीचा एक फुटवा पाठवला. सोबत निरोप: "वैनीनं देल्ला हाये. झारीनं घालू नोका म्हनते." म्हणते म्हणजे डोळ्यांनी म्हणते, पण सुखदेवभाऊंना आता तेवढं पुरतं. मी अंगणात कुंडीत लावला. अर्धा इंची मऊ पाइप आणला, पहिलं पाणी कडेच्या आंब्याला सोडलं आणि अंगठा ठेवला. कुंडीतली अर्धी माती माझ्या चपलांवर आली.

तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी सूनबाई मोबाइल धरून उभी राहते. पलीकडे मळ्यात बाजेवर तक्क्याला टेकून पार्वताबाई, शेजारी सुखदेवभाऊ. मी पाणी घालतो, त्या बघतात. अडतीस वर्षं ज्यानं आख्ख्या जिल्ह्याला पाइप विकले, तो या वयात धोतर भिजवून परीक्षा देतो. परवा मला वाटलं, जमलं. पाणी छान पसरलं, कुंडीत खड्डा नाही, पानांवर थेंब. झाडाला बारीक कळ्याही धरल्या आहेत. मी मोठ्या आशेनं मोबाइलकडे पाहिलं.

"नाई," पार्वताबाई म्हणाल्या. आणि त्यांच्या तोंडाची जी बाजू हसू शकते, ती हसत होती.

मागून सुखदेवभाऊंचा आवाज आला, "घाबरू नोका भाऊ. मले तं महिना लागला, अन् माह्या आंगठ्यावर तिचा आंगठा होता. तुमी तं एकलेच हा."

मी पाइप पुन्हा उचलला.